नाना, नेट कव्हय लेवानं?

पुरुषोत्तमनगरात नेटचं कनेक्शन देणारा तो दर शनिवारी माझ्या ओट्यावर टेकायचा. बशीतला चहा फुंकत नेट कधी घेणार ते विचारायचा, "मंग नाना, नेट कव्हय लेवानं?"

"कारखान्याचं गाळप संपू दे," मी म्हणायचो. गाळप संपलं की लग्नसराईचं निमित्त काढायचो. घरात मी एकटाच, दुसरं कोण येऊन विचारणार?

एकदा मात्र भिडेखातर सही करून बसलो. नेट बिघडेना, त्यामुळे तो येईना. चार शनिवारांनंतर मी शहाण्याने बॉक्सची वायर उपसली आणि तक्रार केली.

तो आला. लोंबती वायर पाहिली, परत खोचली. बॉक्सचे दिवे लागले, तरी ओट्यावर टेकला.

"फॉल्ट मोठा शे, नाना," बशी फुंकत म्हणाला, "दर शनवारले देखनं पडी."