घरच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग

गॅरेजमध्ये दोन गोष्टी कधी संपत नाहीत, जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल निदान कुणीतरी वाळवीसाठी डबा भरून नेतं. किस्से मात्र साठतच राहतात, म्हणून अधूनमधून असा उपसा काढावा लागतो.

माझं गॅरेज भूमला. जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवून देणं हे माझं काम. इंजिन अजून ठणठणीत असतं, पण वळवता वळवता मालकाच्या खांद्याचा भुगा झालेला असतो. आपण पंप बसवायचा, पाईप जोडायचे, की तेच स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. ऐकायला सोपं आहे.

*

पहिलं गिऱ्हाईक ईट गावचे बाजीराव, अंगानं दांडगे. तीस वर्षं त्यांनी स्टिअरिंगशी कुस्तीच केलेली. मी दहा वेळा बजावलं, हळू फिरवा, आता जोर लागत नाही. त्यांनी मान डोलावली, ट्रॅक्टर रस्त्यावर घेतला आणि वळताना सवयीनं दोन्ही हातांनी असा काही हिसका दिला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून थेट समोरच्या हॉटेलकडं निघाला. चहावाला किटली घेऊन बाकड्यावर चढला. बाजीरावांनी कसाबसा ब्रेक मारला आणि माझ्याकडं बघत म्हणाले,

"वळलं की ओ! म्या तर अजून जोर लावायलाच लागलो व्हतो."

*

दुसरे एक पाटील काम करून घेऊन गेले आणि आठ दिवसांत परत आले. म्हणाले, हे काढून टाका. काय बिघडलं विचारलं, तर काहीच बिघडलं नव्हतं. तीच तक्रार होती!

"आधी जड व्हता तवा कुणी मागत न्हवतं. आता मेव्हणा रोज न्हेतोय."

मी म्हटलं, काढू नका. पंप बेल्टवर चालतो, बेल्ट काढून ठेवा, ट्रॅक्टर पहिल्यासारखा जड होईल. पाटील खूश. तेव्हापासून ते गावात फिरताना बेल्ट खिशात घेऊनच फिरायचे.

महिन्याभरानं एक अनोळखी माणूस गॅरेजला आला आणि त्याच मापाचा बेल्ट मागू लागला. गाव विचारलं तर पाटलांचंच. मी गुपचूप बेल्ट काढून दिला. मेव्हणे मेव्हणे बघून घेतील.

*

एकदा वालवडचं एक जोडपं आलं होतं. काम झालं तसे मालक नारळ आणायला गेले. आमच्याकडं नव्या पार्टलासुद्धा नारळ लागतो. ते परत आले तर ट्रॅक्टरही नाही आणि बायकोही नाही. माझ्या अंगावर धावून आले. मी तर आत वेल्डिंग करत होतो, मला काय पत्ता!

अर्ध्या तासानं वहिनी ट्रॅक्टर चालवत आल्या. मडगार्डवर बसून बसून क्लच, ब्रेक, गिअर सगळं त्यांना केव्हाच पाठ झालं होतं, फक्त स्टिअरिंग हलत नव्हतं. ते आज हललं. आठवडी बाजार होता, जाऊन भाजी घेऊन आल्या होत्या.

"फोडा नारळ," त्या खाली न उतरताच म्हणाल्या.

*

एवढ्या लोकांची सोय केली, पण घरच्या ट्रॅक्टरला मात्र स्टिअरिंग जुनंच. कारण आमचे वडील, आण्णा.

ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा. आण्णांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, सदरा आई घालून देते. डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलेलं. पेरणी तोंडावर आलेली. आणि आण्णांनी जाहीर केलेलं, की ज्या दिवशी माझ्या रानात दुसऱ्याचा हात पेरणी करेल, त्या दिवसापासून मी रानात पाय ठेवणार नाही. ते बोललं तसं करणारे, त्यामुळं आई घाबरली होती.

मी शंभरदा म्हटलं, आण्णा, एका दिवसाचं काम आहे. पण त्यांनी आधीच गावातल्या हॉटेलात सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं, "मनगटात जोर नसल त्यानं बसवावं." आता शब्द गिळायचा कसा? शिवाय माझं गॅरेज म्हणजे त्यांच्या लेखी पोरखेळ. एवढ्या वर्षांत एकदाही आत आले नाहीत. खरं सांगतो, वाईट वाटायचं.

*

परवा खर्ड्याच्या अझर मिस्त्रीचा व्हिडिओ कॉल आला. तो या कामात नवा, अडलं की मला विचारतो. म्हणाला, लई जुनं मॉडेल आलंय, पंपाचं ब्रॅकेट बसेना.

"गिऱ्हाईकानंच तुमचं नाव सांगितलं. म्हणले, अडलं तर भूमच्या मिस्त्रीला इचार, त्याचा हात लई साफ हाय."

मी खुशीत म्हटलं, दाखव. त्यानं मोबाइल फिरवला. सीटवर आईच्या जुन्या लुगड्याची, तिनंच शिवलेली गादी.

मी हातातला पाना खाली ठेवला. मग ब्रॅकेट उलटं लावायला सांगितलं, एकेक नट आवळून घेतला, पाईप दोनदा तपासायला लावले. एवढं मन लावून मी स्वतःच्या गॅरेजातही कधी काम केलं नसेल. शेवटी अझर म्हणाला, मालकाशी बोला, आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

आण्णांनी मला बघितलं. मी आण्णांना. अझर मध्ये उभा.

"काका," मी म्हटलं, "स्टिअरिंग फिरवून बघा."

"बघतो, मिस्त्री," आण्णा म्हणाले.

त्यांनी दुखऱ्या हातानंच फिरवलं. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. मग मोबाइल अझरला देऊन टाकला.

संध्याकाळी मी घरी पोचलो तर आण्णा जेवायला बसलेले. आईनं त्यांना विचारलं, दिवसभर होता कुठं?

"खर्ड्याला. एका मिस्त्रीकडनं काम करून घेतलं."

"कसाय मिस्त्री?"

आण्णांनी माझ्याकडं न बघता भाकरी मोडली.

"मानूस चांगलाय. चांगल्या घरचा दिसतोय."