फटाफटसाहेबांची शेवटची पत्रकार परिषद

पोलीस खात्यात त्यांना पाठीमागे सगळे 'फटाफटसाहेब' म्हणत, आणि समोर म्हटलं असतं तरी ते मनातून सुखावलेच असते. हवालदाराचा हा मुलगा उपअधीक्षक म्हणून भरती झाला आणि शहराचा आयुक्त होऊनच थांबला. गुन्हा घडला की चहा निवायच्या आत आरोपी हजर, अशी त्यांची ख्याती. त्यातलं थोडं खरं होतं, बाकीचं वर्तमानपत्रांनी फुगवलेलं. वर्तमानपत्रांना काय हवं असतं, हे साहेबांना बरोबर कळायचं.

तेच नडलं. ते मधल्या हुद्द्यावर असताना एक शाळकरी मुलगी बेपत्ता झाली. तिला शाळेत नेणाऱ्या व्हॅनच्या चालकाला उचललं आणि रीतीप्रमाणे काळा बुरखा घालून पत्रकारांसमोर उभं केलं. साक्षीदार ओळख पटवेपर्यंत आरोपीचा चेहरा झाकलेला ठेवायचा, हे नवख्या शिपायालाही ठाऊक असतं. पण मागून एक छायाचित्रकार म्हणाला, चेहरा दिसला तर फोटो पहिल्या पानावर जाईल. साहेबांनी आपल्या हातानं बुरखा वर केला, आणि फोटो खरोखरच पहिल्या पानावर गेला.

मुलगी सापडली ती परगावी, मामाकडे. आईबापांच्या भांडणाला कंटाळून त्यानंच तिला नेलं होतं. चालकाला मागच्या दारानं सोडलं. त्यासाठी पत्रकार परिषद कोण घेतो? साहेबांना पुढे बढती मिळाली. चालकाच्या व्हॅनमध्ये पुन्हा एकही पोर बसलं नाही.

निवृत्ती जवळ आली तशी ही गोष्ट साहेबांना आतून कुरतडू लागली. शेवटी ते साध्या कपड्यांत, गाडी लांब उभी करून, चालकाचं घर शोधत गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या होत्या. चालक आता एका गोदामात माल उचलत होता. त्यानं खुर्ची पुसून पुढे केली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर चूक कबूल करतो, असं ते म्हणाले तेव्हा चालकानं हात जोडले.

"नको साहेब. इथे कुणाला काही माहीत नाही. माझी पोरगी शाळेत शिकवायला लागलीय. लोक विसरलेत, विसरू द्या."

घरी बायकोनंही विचारलं, त्याला नको असेल तर तुम्ही कुणासाठी बोलणार आहात? साहेब म्हणाले, नाव घेणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं केलेल्या माणसाला स्वतःला गप्प बसणं जमेना, दुसरं काय!

निरोपाच्या पत्रकार परिषदेत ते बोललेच. बेपत्ता मुलीची आणि बुरख्याची सगळी हकीकत सांगितली. तो माणूस निर्दोष होता, दोष माझा होता, असं म्हणाले. कुणीतरी नाव विचारलं, तेव्हा ठामपणे नकार दिला. टाळ्या पडल्या. साहेब हलके होऊन घरी गेले.

सकाळी पहिल्या पानावर ठळक मथळा होता, 'आयुक्तांच्या मनाचा मोठेपणा'. खाली तोच जुना फोटो. चालकाचा भेदरलेला चेहरा, आणि शेजारी बुरखा धरलेला साहेबांचा हात. वर्तमानपत्रवाले जुने फोटो जपून ठेवतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? फोन खणखणत होते. साहेबांना बायकोकडे मान वर करून बघवेना.

सवयीप्रमाणे ते तडक निघाले, अजून परत न केलेली सरकारी गाडी थेट दारापर्यंत घेऊन. चालकाच्या मुलीनं दार अर्धंच उघडलं. शाळेतल्या पालकांचे फोन सुरू झाले होते, ती घरीच थांबली होती. आत चालक भिंतीकडे तोंड करून बसला होता. उद्याच्या अंकात खुलासा द्यायला लावतो, असं साहेब सांगू लागले.

"साहेब, आता काही बोलू नका," चालक न वळता म्हणाला.

गाडी बघून गल्लीतली माणसं गोळा झाली होती. हातात वर्तमानपत्र घेतलेल्या एका शेजाऱ्यानं साहेबांना ओळखलं, अदबीनं नमस्कार केला आणि मग त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं.

"म्हणजे साहेब, तो हाच का?"

साहेबांना नाही म्हणायचं होतं. पण ते त्याच्याच दारात उभे होते.