शेवयांवाला जावई

बॉया गावात माशाचा रस्सा कसा करतात हे विचारलंत तर कुणीही आधी शेवयांबद्दल बोलेल. थाळीत उकडलेल्या बारीक शेवया, वरून गावाजवळच्या डॅन्यूब नदीतल्या माशाचा लालभडक रस्सा. पातेल्यात डाव घालायचा नाही. कडी धरून नुसतं पातेलं हलवायचं. जन्मभर होड्यांना डांबर लावत आलेला डेनेश बोग्नार याबाबतीत भलताच कर्मठ.

त्याची बायको व्हिल्मा तिसा नदीकाठच्या सेगेडची. तिकडे मासे शिजवून चाळणीतून गाळतात आणि तो दाट रस्सा पावाबरोबर खातात. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला तिनं मोठ्या हौसेनं तो केला. डेनेशनं एक चमचा घेतला आणि म्हणाला, "ही तर आजाऱ्याची पेज." त्यानंतर चौतीस नाताळ झाले, तिनं तो पुन्हा केला नाही.

व्हिल्माला जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा ते वाक्य त्याला छळू लागलं. ती मनात कुढत राहिली असेल का? विचारायला आता तीच नव्हती. वसंतात एका सकाळी तो सेगेडच्या बसमध्ये बसला.

तीन दिवस तो तिसाकाठच्या खानावळींतून रस्सा खात फिरला. दुपारच्या गुंगीत वाफेपलीकडे त्याला लहानपणची व्हिल्मा दिसे, ओल्या पायांनी घाट चढणारी. खसखशीची गोड गुंडाळी खाताना दातांत काळी खसखस अडकलेलं तिचं हसू दिसे. रस्सा सगळीकडेच चांगला होता, हे त्याला कबूल करावं लागलं. पण प्रश्न होता तिथंच होता.

शेवटी तो मेहुणीच्या, एटेल्काच्या दारात उभा राहिला.

"या दाजी. तीन दिवस गावात फिरताय म्हणे. मी मेले असं वाटलं होतं काय?"

"धीर होत नव्हता गं. तुमच्याकडचा रस्सा करशील? चाळणीतला?"

"फार लवकर भूक लागली तुम्हाला."

डेनेशनं दोन वाडगे संपवले आणि मान खाली घालून विचारलं, "ती मनात धरून होती का गं?"

एटेल्का समोर बसली. "ताई माहेरी आली की आई हाच रस्सा वाढायची. ताई पर्समधून पुडी काढायची, गुपचूप शेवया उकडायची आणि यात घालून खायची. आई म्हणायची, पोरगी बाटली. ताई म्हणायची, शेवयांशिवाय आता घास उतरत नाही."

"मला कधी बोलली नाही."

"आम्हाला शपथ घातली होती. म्हणाली, ह्यांना कळलं तर जन्मभर डोक्यावर बसतील."

"बसलोच असतो की," डेनेश म्हणाला, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडला.