तीन लाख ठिपक्यांची होडी

पनवेलच्या एसटी स्टँडवरून आपट्याची सकाळची गाडी पकडली, ती फक्त खंड्या पक्ष्याच्या फोटोंसाठी. कॅमेरा नवाकोरा, सहा मेगापिक्सेलचा, पण कार्ड इवलंसं; मोठी कार्डं तेव्हा परवडत नसत. मग मी अक्कल चालवली. फोटोचं माप सगळ्यात लहान, सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी करून टाकलं. पंचवीसऐवजी शेकडो फोटो! वाटेतलं कोन गाव मागे पडेपर्यंत मी स्वतःवरच खूश होतो.

पाताळगंगेच्या काठी खंड्यांनी मला भरपूर पळवलं. टपरीवर वडापाव आणि चहा दहा रुपयांत झाला. पाणी मात्र घरून न्या. परतताना काठावर रामाकाका भेटले, सत्तरीचे, मासेमारी सोडलेले. शेजारी त्यांची जुनी होडी, पुढच्या टोकावर वेड्यावाकड्या अक्षरांत ‘यमुना’.

"हिचा फोटू काडाल का तुमी? लाकूड कुजलंय, उद्या मोडायची हाय. नाव माज्या बायकोनं लिवलंय. ती बी नाय आता. भितीवर लावाय मोठा पायजे."

"एवढा मोठा आणतो, काका!" मी हात पसरून म्हणालो आणि फोटो काढला. माप बदलायचं डोक्यातही आलं नाही.

पनवेलला फोटोच्या दुकानात अब्बासभाईंनी स्क्रीनवर बघून मान हलवली. "हा तर चांगला छापायचा तर दोन इंचांचा होईल. इंचाला तीनशे ठिपके लागतात, साहेब. तुमच्याकडे आडवे सहाशे चाळीसच आहेत."

"अहो, कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा आहे!"

"कॅमेरा साठ लाख ठिपक्यांचा. तुम्ही घेतले तीन लाख. मोठा केला तर ठिपकेच मोठे दिसणार. जे घेतलंच नाही, ते माझी मशीन कुठून आणणार?"

तरीही बारा बाय सोळाचा छापून घेतला आणि पुढच्या रविवारी आपटा गाठला. होडीच्या जागी चार फळ्या पडल्या होत्या. काकांनी फोटो घरात नेऊन भिंतीला टेकवला, जवळ गेले. नावाच्या जागी नुसता पांढरा डाग. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. जास्त फोटो मावावेत म्हणून मी ठिपके वाचवले, हे त्यांना सांगून टाकलं. फार लाज वाटली.

काका मागे सरकत अंगणापर्यंत गेले. "हितून बरी दिसते. धक्क्यावरनं अशीच दिसायची." मग म्हणाले, "नाव मला म्हाईत हाय."

घरी आल्यावर आधी कॅमेऱ्याचं माप सगळ्यात मोठं केलं. तुम्हीही निघण्यापूर्वी तेवढं बघाच. खंड्याचे एकशे चाळीस फोटो अजून संगणकात आहेत. त्यातला एकही मी छापलेला नाही.