सामानापाशी बसणाऱ्या आत्या

आत्यांनी लोणारचं सरोवर कधी खाली उतरून पाहिलं नाही. घरी पाहुणे आले की त्यांना लोणार दाखवायचं, असा आमच्याकडे रिवाजच होता, त्यामुळे आम्ही तिथे कितीदा गेलो ते आता आठवत नाही. दर वेळी सगळे खाली उतरायचे आणि आत्या वर सावली बघून पिशव्या, डबे, पाण्याची कॅन आणि कुणाच्या तरी चपला यांच्यामध्ये बसायच्या. "तुम्ही जा, मी बसतो सामानापाशी." आमच्या भागात बायकाही 'मी बसतो' म्हणतात. आमची सून पुण्याची. तिने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती, नंतर तिलाही सवय झाली.

नात्याने त्या माझ्या थोरल्या नणंद. अमडापूरला दिलेल्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून देऊळगाव राजाला माहेरी परत आल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि माझे यजमान तेव्हा शाळेत जात होते. त्यांना वाढवलं ते आत्यांनी. पुढे ते कॉलेजात शिकवायला लागले, मी लग्न होऊन आले, बाजारपेठेत औषधांचं दुकान टाकलं, आणि माझा मुलगा प्रसाद व मुलगी दोघंही आत्यांच्याच हाताखाली मोठी झाली. मुलांच्या तोंडची आत्या मग सगळ्यांचीच आत्या झाली. मीही त्यांना आत्याच म्हणायची. मुलगी लाडात आली की त्यांना 'क्लोकरूम आत्या' म्हणायची. त्यांना ते नाव आवडलं होतं.

सामान सांभाळण्यात त्या फार तरबेज होत्या असं मात्र नाही. जालन्याच्या स्टँडवर एकदा त्या बोचक्याला टेकून झोपल्या आणि कोणीतरी लोणच्याची बरणी उचलून नेली. "लोणचंच नेलं ना," म्हणाल्या, "मी तं आहे ना इथं." पण त्या असल्या की बाकीच्यांना मोकळं फिरता यायचं, हे खरं. प्रसादच्या लग्नात दागिन्यांची बॅग होती, म्हणून त्या कार्यालयाच्या खोलीत कडी लावून बसल्या. मंगलाष्टकं त्यांनी लाउडस्पीकरवर ऐकली आणि हातातल्या अक्षता समोरच्या सूटकेसवर टाकल्या. मी खोलीत गेले तेव्हा सूटकेसवर तांदूळ होते आणि आत्या पंख्याखाली पाय पसरून निवांत बसल्या होत्या.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे 'हाव'. कोणी काहीही सांगितलं की 'हाव', म्हणजे हो. चुलतसासूंजवळ दवाखान्यात रात्रभर थांबता का? हाव. शेजारच्यांच्या शेवया करायच्या आहेत, येता का? हाव. विचारणारा आत्यांजवळ यायचा, त्यांचा हात हातात घ्यायचा आणि विचारायचा. अर्ध्या गावाला ही रीत माहीत होती. मलाही होती. माझं दुकान इतकी वर्षं चाललं ते त्या 'हाव'वर, हे मी नाकारत नाही.

म्हणूनच प्रसादच्या घरी बाळ झालं तेव्हा पुढचं सगळं मी मनात ठरवून टाकलं. सून बाळंतपणाला माहेरी होती. तिची रजा एप्रिलमध्ये संपणार होती. नंतर बाळाला सांभाळायला प्रसादच्या घरी पुण्याला कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. आत्या जाणार. मुलं शिकायला बाहेर पडल्यापासून त्या घरी मोकळ्याच होत्या. प्रसादच्या मनात मात्र एक होतं, की आत्याला नुसतं कामाला न्यायला नको, आधी तिला कुठेतरी फिरवू, मग विचारू. त्याने आम्हा तिघांना, म्हणजे आई, वडील आणि आत्या, फेब्रुवारीत मनालीला नेलं.

तिथे एक दिवस बर्फावर स्की करायला शिकायचं, असा बेत होता. हॉटेलवरून सकाळी जीप, बरोबर गाईड, दुपारी मॅगी, संध्याकाळी परत. पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत यायचं, असं मी आत्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "मी बसतो सामानापाशी."

पण त्या दिवशी सामान उरलंच नाही. रस्त्यावरच्या दुकानात बर्फाचे कपडे भाड्याने घेतले, तेव्हा दुकानदाराने आमच्या पर्स, चपला, शाली, सगळं एका पोत्यात घालून पोतं आत ठेवून दिलं. आत्या त्या पोत्याकडे बघत उभ्या राहिल्या. "आता?" म्हणाल्या.

"आता चला," मी म्हटलं.

साडी सोडायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी आडोशाला जाऊन घट्ट काष्टा मारला आणि वरून तो लाल फुगीर पोशाख चढवला. प्रसाद म्हणाला, "आत्या, गॅसचं सिलिंडर दिसून राह्यली तू." त्या म्हणाल्या, "तू शेगडी हायस. चाल."

गाईड चाळिशीतला, मनालीकडचाच, शांत माणूस होता. त्याने आधी सपाट जागेवर आम्हाला चालवलं, मग आडवं पडायला शिकवलं, मग उठायला. मग एका लहानशा उतारावर नेऊन थांबायचं कसं ते सांगितलं. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि टाचा लांब न्यायच्या. याला तिकडे सगळे पिझ्झा म्हणतात. "माताजी, पिझ्झा बनाओ," तो खालून म्हणायचा.

आत्या पाय गोल फिरवू बघायच्या आणि पडायच्या. तीनदा पडल्यावर त्यांनी प्रसादला विचारलं, "पाय गोल कसे होतीन बावा?"

"गोल काऊन?"

"पिझ्झा गोलच असते ना. तुह्या घरी खाल्ला तो गोलच होता."

"अवो आत्या, त्याचा एक तुकडा. तिकोनी तुकडा."

"मंग तुकडा म्हन ना." आणि पुढच्या खेपेला तुकडा करून त्या थांबल्या. थांबल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं, जणू त्यांना दुसऱ्याच कोणी थांबवलं होतं.

आमच्यात बरं जमलं ते त्यांनाच. यात चमत्कार नव्हता. प्रसाद घाईत मागे झुकायचा आणि पाठीवर पडायचा. हे आधी घाबरायचे आणि मग पडायचे. मी दोनदा पडल्यावर बाजूला उभी राहिले, गुडघे मला अजून दुकानासाठी हवे होते. आत्यांना कुठे पोचायची घाई नव्हती. गाईड 'घुटने मोडो' म्हणाला की त्या गुडघे वाकवायच्या आणि हळूहळू खाली यायच्या. चेहऱ्यावर आनंद वगैरे नव्हता. भाजी नीट निवडताना असतो तसा चेहरा होता.

दुपारी टपरीवर मॅगी खाताना मी म्हटलं, "इतकी वर्षं उगाच बसून राहिलात सामानापाशी. कधी खाली उतरला असतात तर."

त्या फुंकर मारत मॅगी खात होत्या. "उगाच काऊन? सामानापाशी बसलं की कोनी काम सांगत नाही. घरात बसली तं दहा जन सांगतेत. सामानापाशी बसली तं कामच करून राह्यली असं वाटते लोकाइले."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्याला त्याग समजत होते आणि चारचौघांत तसं सांगतही होते. पण गाईडने हाक मारली आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

शेवटच्या खेपेला गाईड त्यांना थोडं वर घेऊन गेला आणि स्वतः निम्म्या उतारावर येऊन उभा राहिला. आत्या वर एकट्या, लाल कपड्यात. खाली प्रसाद आणि हे. मी मध्ये एका कडेला, पट्ट्या अजून पायातच. तेवढ्यात प्रसादला सुनेचा फोन आला. तिला ऑफिसला कळवायचं होतं, एप्रिलमध्ये नक्की रुजू होते की नाही. आत्यांना विचारलंत का, असं ती विचारत होती. प्रसाद म्हणाला, "थांब, विचारतो," आणि फोन हातात धरून वर ओरडला, "आत्या, एप्रिलमध्ये पुण्याले येऊन राह्यली ना तू? बाळाजवळ?"

आत्या वरून म्हणाल्या, "नाही."

प्रसादला वाटलं, ऐकू आलं नाही. "काय?"

"येत नाही म्हनलं. पुण्याले मी येत नाही."

त्या थंड हवेत आवाज स्वच्छ खाली आला. आजूबाजूच्या दोन-चार लोकांनी मान वळवून बघितलं. गाईडने मला विचारलं, "माताजी क्या बोल रही है?" मी म्हटलं, "कुछ नहीं, घर की बात है."

"काऊन पन?" प्रसाद म्हणाला आणि त्यांच्याकडे चढायला निघाला. पायात त्या पट्ट्या होत्याच. दोन पावलं वर गेला आणि तीन पावलं खाली आला. हे म्हणाले, "थांब, मी बोलतो ताईशी," आणि निघाले तसे बसले. उठायला गेले, पुन्हा बसले. "ताई, अगं ऐक तं," ते बसल्या बसल्या म्हणाले.

"ऐकून राह्यली ना. इथून ऐकू येते."

"लेकरू आपलं आहे ताई."

"आपलंच आहे. मी कुठं दुसऱ्याचं म्हनलं? पन तुले वाढोला, त्याले वाढोला. आता नाही. झालं माहं."

मी मधल्या उंचीवर होते, मला जाता आलं असतं. पण एक पाय उचलला आणि पट्टी सरकायला लागली, म्हणून मी तिथेच उभी राहिले. दोघं त्यांनी वाढवलेले, आणि तिघंही त्यांच्या हातच्या जेवणावर पोसलेली माणसं, आणि तिघांतल्या एकालाही त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. प्रसादच्या हातातल्या फोनमधून सून "हॅलो, हॅलो" करत होती. आत्यांनी काही वेळ वाट पाहिली, आणखी कोणाला काही विचारायचं आहे का म्हणून. मग गुडघे वाकवले आणि हळूहळू खाली आल्या. गाईडच्या जरा पुढे येऊन तुकडा केला. पूर्ण थांबल्या नाहीत, त्याच्या अंगावरच गेल्या, पण पडल्या नाहीत.

परतताना प्रसाद जीपमध्ये पुढे बसला. हे डोळे मिटून होते. आत्या माझ्या शेजारी होत्या. बऱ्याच वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुमन, तो जवळ आला असता तं मी हाव म्हनली असती."

"मग आता म्हणा," मी म्हटलं. मला माझं दुकान दिसत होतं.

"आता नाही. एक डाव सुटलं तोंडातून." त्या म्हणाल्या, "जवळ येऊन हात धरला की मले नाही म्हनताच येत नाही. आज कोनाले येताच आलं नाही."

रात्री जेवताना प्रसादने पुन्हा विषय काढला. आत्यांनी दोन्ही हात ताटाखाली ठेवले, मांडीवर. "राजमा बरा आहे," म्हणाल्या. विषय तिथे संपला.

पुण्याला मी गेले. दुकान माझ्याकडच्या फार्मासिस्टवर सोपवलं आणि दोन वर्षांहून जास्त काळ नातवाला सांभाळलं. रडत-कुढत नाही गेले. काम होतं, कोणीतरी करायचं होतं. नातू गोड आहे, आणि ते काम किती मोठं असतं ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. माझी मुलं लहान असताना मी दुकानात होते. आत्या एकदाच पुण्याला आल्या, पहिल्या वाढदिवसाला. बाळाला घेतलं, त्याचे पाय नीट बघितले, "बापासारखे आहेत" म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी परत गेल्या. प्रसाद त्यांच्याशी बोलायचा, पण पूर्वीसारखं नाही. त्याचा त्यांना त्रास होत असावा. दाखवला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. छातीत दुखलं, जालन्याला नेलं, सकाळपर्यंत संपलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा सगळे माझीच वाट बघत थांबले होते. प्रसादने खांदा दिला.

दिवसकार्य झाल्यावर घरात पाहुणे उरले नाहीत, तेव्हा मी ह्यांना विचारलं, मी नव्हते त्या काळात आत्या दिवसभर काय करायच्या. माझा अंदाज होता की बालाजीच्या देवळात जात असतील, किंवा अमडापूरला. इतकं पणाला लावून माणूस घरी राहतो तेव्हा त्याचं काहीतरी असणार.

"काही नाही," हे म्हणाले. "सकाळी स्वयंपाक करायची. दुपारी दाराला कडी लावून झोपायची. उन्हं उतरेपर्यंत."

"मग तुम्ही कॉलेजमधून आलात की?"

"मी बसायचो ओट्यावर."

"कडी वाजवायची ना."

 ह्यांनी एकदाही कडी वाजवली नव्हती. शेजारच्या काकू मला नंतर म्हणाल्या की उन्हाळ्यात तर त्यांनीच सरांना पाणी नेऊन दिलं, आत चला म्हटलं, तर सर म्हणाले, नको, ताई उठेल आता.

मी आता देऊळगावला कायमची परत आले आहे. दुपारी दुकानातून घरी येते, जेवते, लवंडते. मला दार लावून झोपायची सवय नाही, दार नुसतं लोटलेलं असतं. हे कॉलेजमधून येतात आणि दार ढकलून बघत नाहीत. ओट्यावर बसतात. पंख्याच्या आवाजात मला लवकर कळत नाही. केव्हातरी खोकल्याचा आवाज येतो, मग मी आतूनच म्हणते, "या, उघडंच आहे."