मामाआजोबांनी नापास केलेली भट्टी

माणसाने एकदा वापरलेल्या प्रत्येक वस्तूत खोट असतेच आणि ती शोधून काढण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी माझ्या आईच्या मामांची पक्की समजूत आहे. त्यांना मी मामाआजोबा म्हणते. आमच्या आष्टी तालुक्यातल्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर जुनी सायकल, जुनं कपाट, पाण्याची मोटार, दुभती म्हैस असं काहीही घ्यायचं निघालं की लोक आधी मामाआजोबांना न्यायला येतात. का येतात ते मला अजून कळलेलं नाही. मामाआजोबा बघायला गेले आणि व्यवहार झाला, असं माझ्या माहितीत तरी एकदाही घडलेलं नाही. माझी मावशी शिवणयंत्रावाचून म्हातारी होत चालली आहे, कारण तिच्यासाठी बघितलेलं प्रत्येक यंत्र मामाआजोबांच्या मते ‘थरथरतं’. अहो, शिवणयंत्रच ते, थरथरणार नाही तर काय! पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. माझी तर नाहीच. मी मनातल्या मनात बोलते, आणि तेही फार चांगलं बोलते.

त्यांची बघायची एक पद्धत आहे. ते वस्तूकडे सरळ बघत नाहीत. आधी तिच्याकडे पाठ करून उभे राहतात, मालकाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात, त्याच्या घरचा चहा पितात. “वस्तूला कळू द्यायचं न्हाई, आपण तिच्यासाठी आलोय म्हणून,” असं ते मला एकदा म्हणाले होते. मग एकाएकी गर्रकन वळतात आणि तिला बेसावध पकडतात. खिशात जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं एक काळं लोहचुंबक असतं. ते प्रत्येक वस्तूला लावून बघतात. चिकटलं तर म्हणतात, “लोखंड हाय, गंजणार.” नाही चिकटलं तर म्हणतात, “लोखंड न्हाई, टिकायचं न्हाई.” एका पाहुण्यांची म्हैस बघायला गेले तेव्हा दिवसभर तिच्यासमोर पोतं टाकून बसले आणि तिचं रवंथ करणं बघत राहिले. संध्याकाळी उठून धोतर झटकलं आणि निकाल दिला, “इचार लई करती. दूध कवा देनार?” इतकंच काय, माझ्या धाकट्या मावशीला सांगून आलेल्या एका चांगल्या नोकरदार मुलाला त्यांनी निव्वळ एवढ्यासाठी परत पाठवलं की त्याचा आधी एकदा साखरपुडा होऊन मोडला होता. “वापरलेलाच की मग,” म्हणाले. मावशी आतल्या खोलीतून ऐकत होती. ती त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही, आणि मी तिच्या जागी असते तर अजूनही बोलले नसते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण भट्टीच्या वेळी त्यांनी जे केलं त्याने माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. त्या वर्षी पावसाने पूर्ण पाठ फिरवली होती आणि दिवाळीच्या आधीच रस्त्याकडेच्या माळावर चारा छावणी उघडली. गावोगावची माणसं जनावरं घेऊन तिथेच राहायला आली. या माणसांना दोन वेळची भाजी-भाकरी करून घालायचं काम आईच्या बचत गटाला मिळालं. मात्र छावणीवाल्यांची एक अट होती. शनिवारपर्यंत चूल पेटली पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार. मी बीडला इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून गटात माझ्याकडे काय काम, तर छावणीवाल्यांना फोन करायचा. मला फोनवर बोलायला आवडत नाही. पण ते काम मी आवडीने करत होते, आणि त्याचं कारण सुमनमावशी होती.

सुमनमावशी आमच्या घरामागे राहते. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. त्या वर्षी तिची मुलगी दहावीला होती. मुलीला एकटीला मागे ठेवायला घरात कुणी नव्हतं आणि बरोबर न्यायची म्हणजे दहावी बुडाली. छावणीतलं काम मिळालं तर मावशी भाकरी थापणार आणि तिचा नवरा लाकूड-पाणी बघणार, म्हणजे दोघांना कारखान्यावर जायची गरज नव्हती. मुकादम तिच्या दारात दोनदा येऊन गेला होता. दिवाळी उरकली होती आणि ऊसतोडीची टोळी शनिवारीच निघणार होती. “तुमची चूल पेटली तर ऱ्हाते, न्हाई तर ट्रॅक्टरात बसते,” असं तिने आईला सांगून टाकलं होतं. म्हणजे सगळं एका चुलीवर येऊन अडलं होतं.

एवढ्या माणसांच्या भाकऱ्या घरच्या चुलीवर होत नाहीत, आणि गॅसचं तर नाव काढायची सोय नव्हती. चांगली मोठी लाकडाची भट्टी हवी होती आणि ती गावातच होती. आमच्या गावाची दूध संस्था बंद पडून बरीच वर्षं झाली. तिच्या शेडमध्ये खवा आटवायची भट्टी पडून होती. जाड पत्र्याची, कमरेएवढी उंच, वर संस्थेची मोठी कढई बसायला गोल तोंड, पुढे लाकडं सारायला दार आणि मागे धुराडं. उरलंसुरलं सामान विकून टाकायचं ठरलं होतं आणि शेडची किल्ली जुन्या सचिवांच्या घरी होती. सचिव द्यायला तयार, गट घ्यायला तयार. एवढ्यावर आईने काय करावं? ती म्हणाली, “मामांना एकदा दाखवू. ते चेअरमन असतानाच घेतलेली भट्टी ती. त्यांच्याइतकी तिची माहिती कुणाला असणार?” मी मनात म्हटलं, संपलं. पण बोलले नाही.

पहिल्या दिवशी मामाआजोबा शेडमध्ये गेले, भट्टीकडे पाठ करून उभे राहिले आणि सचिवांशी चारा किती वाईट आला आहे यावर बोलले. मग वळले. चुंबक लावलं, बोटाच्या पेराने टकटक केली, धुराड्यात डोकं घालून वर बघितलं आणि काळं कपाळ घेऊन बाहेर आले. “पत्रा पातळ पडलाय,” म्हणाले. “आठ दिवसात भोक पडंल.” सगळ्या बायका घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी आई त्यांना पुन्हा घेऊन गेली, कारण बायकांनी आष्टीच्या बाजारात चौकशी केली होती आणि तशी भट्टी दुसरीकडे कुठेही नव्हती. मामाआजोबांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी म्हणाले, “पत्रा लई जाड हाय. तापायलाच अर्धा दिस जाईल. लाकडं कुठून आणनार तुमी?” मी आईकडे बघितलं. आई पदराने भट्टीवरची धूळ पुसत होती. माझ्याकडे बघायचं तिने टाळलं. सुमनमावशी दाराशी उभी होती. ती म्हणाली, “अण्णा, जाड तर जाड. लाकडं माझा माणूस आननार हाय.” तर मामाआजोबांनी तिलाच उलट विचारलं, “तुला भट्टीतलं काय कळतं?” गावभर भाकऱ्या थापत आलेल्या बाईला! मी घरी येऊन जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मी फारशी बोलत नसल्यामुळे माझा रुसवा आणि माझा नेहमीचा चेहरा यांत आमच्या घरच्यांना फरक कळत नाही.

शुक्रवारी गटातल्या सगळ्या बायका शेडमध्ये जमल्या. मुकादमाने सुमनमावशीच्या नवऱ्याला सकाळीच निरोप दिला होता की उद्या उजाडता ट्रॅक्टर येईल, सामान बांधून ठेवा. मामाआजोबा आले, भट्टीला एक फेरी मारली, दोन मारल्या आणि मान हलवली. “न्हाई जमत. तोंड पश्चिमेला हाय हिचं.”

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. “मामाआजोबा, ती उचलून फिरवता येते.”

इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर ‘हो’ आणि ‘चहा आणू का’ यापलीकडे काही बोलले नव्हते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आगं बया! विंग्रजी बोलली का काय!”

बायका हसल्या. मी लाल झाले, पण आता थांबताही येईना. “परवा पत्रा पातळ होता. काल जाड झाला. आज तोंड पश्चिमेला गेलं. तुम्हाला ही भट्टी वाईट आहे असं वाटतच नाहीये. तुम्हाला ती द्यायचीच नाहीये. तसं सांगा ना मग. मावशीला उद्या ट्रॅक्टरात बसायचंय, तिला तरी कळू दे की कशासाठी.”

एवढी वाक्यं एका दमात मी शाळेत बक्षीस मिळणार असतं तरी बोलले नसते. आईने माझा दंड धरला, आणि ती मला मागे ओढत होती की धीर देत होती ते मला कळलं नाही.

मामाआजोबा बराच वेळ भट्टीच्या काठावरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता सुमनमावशीला म्हणाले, “हिच्यावर कधी तिखट चढलं न्हाई गं. निस्तं दूध. कांदा-लसणाची फोडणी बसली की पत्र्यात वास मुरतो. मग पुढं दूध आटवाया घेतलं तर नासतं.”

“पुढं म्हंजी कवा?” सचिव हसले. “अण्णा, कुठलं दूध घेऊन बसलात? गावात समदे कोरा चहा पितेत!”

“पाऊस काय कधीच पडनार न्हाई का?” मामाआजोबा एकदम ओरडले. “जनावरं वाचली तर दूध येईल का न्हाई? मग भट्टी कुठून आननार? तवा काय तुज्या डोक्यावर कढई ठिवू का?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावातल्या सगळ्यांनी संस्था केव्हाच संपली असं धरलं होतं, आणि ती संपली आहे हे तिच्या चेअरमनला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हणून माझा राग गेला नाही. न येणाऱ्या दुधासाठी एका मुलीची दहावी बुडवायची, हा काय न्याय झाला?

सुमनमावशी मात्र रागावली नव्हती. ती पुढे आली आणि म्हणाली, “अण्णा, येईल की दूध. आलं म्हंजी भट्टी तुमची. मी सोता राखंनं घासून, वास काढून आनून दीन. तवर आमाला भाकरी करू द्या. रिकामी ऱ्हाऊन तरी गंजलच की ती.”

मामाआजोबांनी खिशात हात घातला. मला वाटलं, आता पुन्हा चुंबक निघतंय. पण रुमाल निघाला. त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, “पयलं दूध तापवायचं. मग तुमी काय बी चढवा.”

आता दुष्काळात दूध कुठून आणायचं? मला पुन्हा संताप आला. हो म्हणतानासुद्धा माणसाने अडवणूक करावी! पण शनिवारी उजाडता भट्टी छावणीत येऊन बसली, तिचं तोंड मामाआजोबांच्या हुकमाने पूर्वेला झालं, आणि ते स्वतः हातात तांब्या घेऊन दावणी-दावणीने फिरायला निघाले. मी मागून चालत होते. एरवी लोक त्यांना न्यायला येतात. तिथे ते वाकून, फाटक्या ताडपत्रीखाली डोकं घालून, ओळख ना पाळख अशा माणसांना पळीभर दूध मागत होते. एक बाई म्हणाली, “बाबा, वासराला पुरंना झालंय.” मामाआजोबा म्हणाले, “मग ऱ्हाऊ दे, वासराला पाज.” आणि पुढच्या दावणीला गेले. ती बाई मागून हाक मारून थोडंसं ओतून गेली. अशा रीतीने तांब्याचा तळ कसाबसा झाकला.

संस्थेची ती अवाढव्य कढई भट्टीवर चढली. तिच्या बुडाशी ते दूध म्हणजे नुसता एक पांढरा डाग दिसत होता. सुमनमावशीने तुराट्या सारल्या, जाळ लागला. मामाआजोबांनी उलथनं हातात घेतलं आणि ते ढवळू लागले. बायका भोवती उभ्या राहिल्या. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. टोळीचा ट्रॅक्टर चालला होता. मागच्या ट्रॉलीत बोचकी, पत्रे, कोंबड्या, पोरं, आणि बोचक्यांवर सुमनमावशीची जाऊ बसली होती. तिने हात वर केला. मावशीनेही केला. आम्ही सगळ्याच तिकडे बघत राहिलो. मामाआजोबाही उलथनं हातात धरून बघत राहिले. ट्रॉली वळणाआड गेली.

मग वास आला.

दूध बुडाला लागून तपकिरी झालं होतं. मामाआजोबांनी घाईघाईने उलथन्याने खरवडलं. जे निघालं ते त्यांच्या तळहातावर मावलं. त्यांनी त्यातलं चिमूटचिमूट प्रत्येकीच्या हातावर ठेवलं. मावशीला दिलं, आईला दिलं, शेवटी मला दिलं. उरलेलं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चघळलं.

“जमलाय,” म्हणाले. “खवा जमलाय.”

तो चांगला करपला होता. कडू लागत होता. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि गिळून टाकला. आईने आणि मी मिळून कढई उतरवली, आणि सुमनमावशी पीठ मळायला बसली.