मायाळूची भिंत

सुरतेत इमारतींच्या गच्च्यांवर आणि भिंतींवर बागा लावून देणं हा माझा धंदा. तापीकाठच्या एका सोसायटीचे चेअरमन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक मराठी काका. त्यांना फाटकाजवळच्या भिंतीवर दुबईच्या हॉटेलासारखी हिरवळ हवी होती. "ती झाडं आपल्या उन्हात जळतात," असं म्हणून मी आपला देशी मायाळू लावला. दोन महिन्यांत भिंत झाकली गेली.

उद्घाटनाच्या सकाळी बघते तर हात पोचेल तिथपर्यंत भिंत बोडकी. काका पेटले. "चोरी झालीय! कॅमेरा दाखव!"

वॉचमनने मुकाट्याने आदल्या संध्याकाळचं चित्रण लावलं. त्यात काकू निवांत पानं खुडत होत्या आणि त्यांच्यामागे चार गुजराती शेजारणी पिशव्या घेऊन उभ्या होत्या.

"अहो, रात्री तीनदा भजी मागून घेतलीत, ती कसली होती?" काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं.

तरी फीत काकांनी छाती काढूनच कापली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझ्या कामाला इतकी मनापासून दाद कुणीच दिली नव्हती. टाळ्या संपायच्या आत काकू वॉचमनकडे शिडी मागत होत्या.